आर्डन केसलिंगचा मोठा कॅम

गाडी घेताना आर्डन केसलिंगने विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला होता, "इंजिनात काय काय बदललंय?" आणि विकणाऱ्याने एकच उत्तर दिलं होतं, "बरंच काही." एवढं बोलून त्याने कागदावर सही केली, सामान ट्रकात टाकलं आणि तो कायमचा ॲरिझोनाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी फोन लावला तर नंबर बंद.

अशा रीतीने आमच्या गावचा केमिस्ट असलेल्या आर्डनच्या गॅरेजात, त्याच्या वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, सत्तर सालची शेव्हेल गाडी येऊन उभी राहिली. लालभडक रंग, वर दोन काळे पट्टे आणि बॉनेटखाली काय आहे ते देवाला ठाऊक. किल्ली फिरवली की सगळी गाडी हिव भरल्यासारखी थडथडायची. आवाज दणदणीत, पण मध्येच ठेच लागल्यासारखा. तो ऐकला की शेजारच्या व्हॉसबाईंचा कुत्रा कपाटाखाली जायचा. आर्डनच्या डोळ्यांत मात्र आनंदाने पाणी यायचं. बायकोच्या, म्हणजे नेडीनच्याही डोळ्यांत यायचं, पण ते पेट्रोलच्या वासाने.

आता इंजिनात काय बदललंय हे कळायला हवं होतं. आमच्या हॉलोवेलमध्ये गाड्यांचं सुप्रीम कोर्ट दर शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानाबाहेर भरतं. न्यायाधीश तिघे. डॉर्सी प्लँक, ज्याने चाळीस वर्षं लेथवर काढली आणि त्याआधी शर्यतीत चार कप जिंकले. वेंडेल क्रेब्स, जो नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखतो आणि ज्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. आणि गिब ऑल्टहॉफ, ज्याने शाळेत ड्रायव्हिंग शिकवून गावाच्या दोन पिढ्यांना गाडीची धास्ती घातली. तिघेही घरून आपापली घडीची खुर्ची घेऊन येतात.

आर्डन तीस वर्षं यांच्या समोरून कॉफीचा पेला घेऊन जात होता. तिघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तो द्यायचा, गुडघ्याचं तेल द्यायचा, मूळव्याधीचं मलम तर वरून दिसू नये म्हणून दोन पिशव्यांत घालून द्यायचा. पण "बस" म्हणून कुणी कधी म्हटलं नव्हतं.

त्या शनिवारी शेव्हेल धडधडत आली आणि तिघे उठून उभे राहिले. गिब तर गुडघ्यावर हात न टेकता उठला.

"बंद करू नको," डॉर्सी म्हणाला. "ऐकू दे जरा."

वेंडेलने दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात टाकली, तळहात बॉनेटवर ठेवला आणि डोळे मिटले. 

"कॅम," तो म्हणाला.

"मोठा कॅम," गिब म्हणाला.

"मोठा म्हणजे किती मोठा?" आर्डनने विचारलं. कॅम म्हणजे इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा आणि तो जितका दांडगा तितकी गाडी पळायला जोरदार आणि उभी असताना तापट, एवढं त्याला वाचून माहीत होतं.

"अरे, शर्यतीचा कॅम आहे हा," डॉर्सी म्हणाला. "उभ्यानं असाच लंगडतो."

"पण सिग्नलवरून सुटताना तिला जरा दम लागतो."

"लागणारच. मोठ्या कॅमची ताकद वर असते."

"वर म्हणजे कुठे?"

"वर. पोचलास की कळेल."

"पेट्रोलचा वास येतो हो."

"मोठा कॅम, मोठी तहान," गिब म्हणाला.

"आणि ब्रेक दगडासारखे लागतात."

"ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम खातो ना कॅम. अगदी पुस्तकातलं लक्षण आहे."

तीन तक्रारींवर एकच निदान ऐकलं की दुकानात आर्डनला लगेच संशय येत असे. पण तेवढ्यात गिब आपल्या ट्रकाकडे गेला आणि चौथी खुर्ची घेऊन आला. ती उघडून त्याने आपल्या शेजारी ठेवली.

"बस," तो म्हणाला.

आर्डन बसला. त्याला दोन डोनट देण्यात आले. मग बॉनेट उघडून तिघांनी आळीपाळीने आत डोकावून घेतलं. त्या दिवशी दुकान उघडायला त्याला दीड तास उशीर झाला आणि त्याबद्दल त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही.

मग कॅमने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. रविवारी गाडी सहाव्या खेपेला सुरू झाली, त्यामुळे आर्डन चर्चच्या दाराशी पोचला तेव्हा आत मूक प्रार्थना चालली होती. नेमका तिथेच सायलेन्सरने बार काढला. मागच्या बाकावरचे दोन शिकारी सवयीने बाकाखाली गेले. पाद्रीबाबांनी प्रार्थना तिथेच आटोपती घेतली आणि त्याबद्दल बऱ्याच जणांनी बाहेर आल्यावर आर्डनचे आभार मानले. सोमवारी ब्रेक वेळेवर लागले नाहीत आणि व्हॉसबाईंची पत्रपेटी त्यांच्याच गुलाबांत जाऊन पडली. मंगळवारी बँकेच्या खिडकीशी गाडी इतकी थरथरली की आतल्या बाईने भूकंप समजून टेबलाखाली आसरा घेतला.

दर वेळी संध्याकाळी डॉर्सीचा फोन यायचा. सगळं ऐकून घेऊन तो समाधानाने म्हणायचा, "कॅमच तो."

मंगळवारी मात्र त्याने पुढची बातमी दिली. "शनिवारी काउंटीच्या ट्रॅकवर शर्यत आहे. तुझं नाव नोंदवलंय."

"माझं?"

"कॅम कुणाकडे आहे? शेजारच्या गावचे ते बेल्टनवाले फार माजलेत. त्यांचा तो रॉईस टॅकेट. त्याला मी सांगून बसलोय की आमच्या केमिस्टची गाडी बघ म्हणून."

आमच्याकडची शर्यत वेगाची कमी आणि शब्दाची जास्त असते. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल ते ज्याने त्याने आधी काचेवर लिहायचं. मंद गाडीला फरकाइतके सेकंद आधी सोडतात. लिहिलं त्याहून जोरात पळालात तरी बाद आणि हिरवा दिवा लागण्याआधी हललात तरी बाद. म्हणजे आपल्या इंजिनात काय आहे हे माणसाला पक्कं माहीत असावं लागतं. कोर्टाने डोनटच्या खोक्यावर हिशेब मांडून बारा पूर्णांक साठ असा आकडा काढला. तो ऐकून आर्डनला रात्री स्वतःच्याच दुकानातली झोपेची गोळी घ्यावी लागली.

बुधवारी सकाळी नेडीनचा संयम संपला. ती सव्वीस वर्षांपासून शाळेत नर्स होती. गणिताच्या पेपराच्या दिवशी पोट दुखणारी मुलं तिने हजारांनी पाहिली होती.

"चालू कर," ती गॅरेजात येऊन म्हणाली. तिच्या हातात कपाळाचा ताप बघायची बंदूक होती.

"नेडीन, ते इंजिन आहे."

"ते माझ्यावर सोड. बॉनेट उघड."

गाडी सुरू झाली तशी ती इंजिनातून निघणाऱ्या आठ पाइपांपुढे ओळीने बंदूक धरत गेली. पहिल्या पाइपाला ताप इतका की यंत्राने आकडाच दाखवला नाही. दुसऱ्याला तसंच, तिसऱ्याला तसंच. असे सहा झाले. ड्रायव्हरच्या बाजूच्या शेवटच्या दोघांशी ती थांबली, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाली, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. दोघंही ठणठणीत."

"चांगलंय की मग," आर्डन म्हणाला.

"चांगलं? अरे, इथे ताप नाही म्हणजे जीव नाही. आठांतले सहाच राबतायत. हे दोघं हजेरी लावतात आणि मागच्या बाकावर झोपतात."

फळीवर गाडीचं पुस्तक होतं. कोर्टाचा निकाल लागल्यापासून आर्डनने ते उघडलंच नव्हतं. नेडीनने उघडलं, चित्र बघितलं, प्लगच्या वायरी बोटाने मोजल्या आणि शेवटच्या दोन उपसून एकमेकींच्या जागी खोचल्या. कुणा महाभागाने त्या उलट्या लावल्या होत्या. एवढंच होतं ते 'बरंच काही'.

"आता लाव."

गाडी सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालायला लागली. ना धडधड, ना बार, ना वास. पाय ठेवताच ब्रेक लोण्यासारखा दबला. व्हॉसबाईंचा कुत्रा कपाटाखालून निघून बाहेर ऊन खात बसला. आणि आर्डन केसलिंग घरात कुणी वारल्यासारखा तेलाच्या डबड्यावर बसला.

"कॅम नाहीये तर," तो म्हणाला.

"आहे ना. कारखान्यातून आला तो आहे. आजींना चर्चला सोडायला उत्तम."

"नेडीन, मी त्यांना तीस वर्षं मलम देतोय. तीस वर्षांत पहिल्यांदा मला बस म्हणाले ते." त्याने बॉनेटकडे बोट केलं. "ही अशी गाडी घेऊन गेलो तर खुर्ची परत ट्रकात जाईल."

"म्हणून तू सहावर चालवणार?"

"विमानं चालतात की एक इंजिन बंद पडलं तरी."

"चालतात. खाली उतरण्यापुरती."

ती शाळेत गेल्यावर आर्डनने चोरासारखं इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही वायरी पुन्हा उलट्या लावल्या. गाडी थडथडली, कुत्रा आत गेला आणि आर्डनला बरं वाटलं.

गुरुवारी दुकानात गिब आला. गोळ्या घेतल्या, मागे कुणी नाही याची खात्री केली आणि पुढे वाकला. "आर्डन, त्या मागच्या दोन वायरी बघ जरा. उलट्या आहेत. पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या मला, पण वेंडेल बोलून गेला होता ना. म्हातारा मनाला लावून घेईल. कुणाला सांगू नको."

संध्याकाळी वेंडेल आला. "माझ्या हाताला सहाच ठोके लागले होते रे," तो कुजबुजला. वेंडेलची कुजबुज टूथपेस्टच्या कपाटापर्यंत ऐकू जाते. "पण 'कॅम' तोंडातून निघून गेलं आणि हे दोघं लगेच माना डोलवायला लागले. आता कसं सांगू? बोलू नको कुठे."

शुक्रवारी डॉर्सी. "वायरी," एवढंच तो म्हणाला.

"माहितीय," आर्डन म्हणाला. "पण मग माझं नाव कशाला नोंदवलंत?"

"तेव्हा टॅकेटला सांगून झालं होतं. बोललेलं परत घ्यायची सवय नाही मला." पिशवी उचलून तो दारापर्यंत गेला आणि वळला. "सरळ केल्यास की काय?"

"केल्या होत्या. परत उलट्या केल्या."

डॉर्सीने दार उघडलं. "शहाणा आहेस," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ट्रॅकवर सगळं बेल्टन लोटलं होतं. सरावाच्या फेरीत शेव्हेल असा काही आवाज करत निघाली की बायकांनी पोरांच्या कानांवर हात ठेवले. मग ती चालत राहिली. आणखी चालत राहिली. अखेर भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "पोचली." वेळेची चिठ्ठी हातात आली, अठरा पूर्णांक शून्य दोन. बेल्टनकडून कुणीतरी, आईस्क्रीमची गाडीच आल्यासारखं, ओरडून आईस्क्रीम मागितलं.

डॉर्सीने चिठ्ठी वाचली. गिबने वाचली. वेंडेलने चष्मा लावून वाचली. प्रत्येकाला खरं कारण माहीत होतं आणि ते आपल्याशिवाय फक्त आर्डनला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटत होतं.

"हात राखून चालवलीय," डॉर्सी बेल्टनला ऐकू जाईल असं म्हणाला आणि पांढरं बूट पॉलिश घेऊन त्याने काचेवर अठरा लिहिलं.

बेल्टनचं हसू हळूहळू थांबलं. असल्या आवाजाची गाडी आणि अठरा लिहितात म्हणजे ही माणसं काहीतरी दडवतायत, असं त्यांना वाटायला लागलं. रॉईस टॅकेटच्या निळ्या गाडीवर अकरा पूर्णांक नव्वद होतं. म्हणजे आर्डन सुटल्यावर त्याला सहा सेकंद जागेवर बसून राहायचं होतं. सहा सेकंद म्हणजे काही नाही असं वाटणाऱ्याने चिडलेल्या गाडीत पाय आवरून बसून बघावं.

आर्डनला हिरवा दिवा मिळाला आणि तो निघाला. एक सेकंद. दोन. टॅकेटच्या कपाळावर घाम दिसायला लागला. तीन. चार. पाचव्याला शेव्हेलने चर्चमध्ये काढला होता तसा बार काढला आणि टॅकेट दचकला. निळी गाडी हातभर पुढे गेली आणि तिच्या डोक्यावर लाल दिवा लागला.

आर्डनला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो प्रामाणिकपणे टोकापर्यंत गेला, ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिला आणि पलीकडच्या गवताच्या भाऱ्यांत थांबला. तिथे लोकांनी धावत येऊन त्याला तू जिंकलास म्हणून सांगितलं. वेंडेल त्याच्या गळ्यात पडला.

आमच्याकडे हरलेल्याने बॉनेट उघडायला सांगितलं तर नाही म्हणत नाहीत. टॅकेट आला, मागे चाळीसेक बेल्टनवाले. "उघड," तो म्हणाला.

तो इंजिनावर वाकला. एकेका वायरीवरून त्याची नजर फिरत गेली आणि मागच्या दोघींपाशी येऊन थांबली. त्याने एकीला बोट लावलं, मग दुसरीला. गिब आकाशाकडे बघायला लागला, डॉर्सी बुटांकडे. वेंडेलने कानांतली यंत्रं काढून ठेवली.  या माणसाने एक शब्द उच्चारला की आपले शनिवार संपले, हे आर्डनला स्वच्छ कळत होतं.

टॅकेट सरळ झाला. त्याने आर्डनकडे पाहिलं. मग वळून आपल्या चाळीस माणसांकडे पाहिलं, त्यांच्या पुढे फोन धरून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. मग त्याने बॉनेट अगदी हलक्या हाताने लावलं.

"कॅम आहे," तो मोठ्याने म्हणाला. "असला कॅम अख्ख्या काउंटीत कुणाकडे नाही."

बेल्टनचा माणूस आर्डनला आयुष्यात पहिल्यांदाच आवडला.