बाळंतिणीचं ताट आणि गावाचं मत

तान्ह्या बाळाच्या पोटदुखीचं कारण बाळाच्या पोटात कधीच नसतं. ते आईच्या ताटात असतं. हिर्डोशीत हे सत्य इतकं सर्वमान्य आहे की बाळ रडलं की लोक पाळण्याकडे न जाता थेट चुलीकडे जातात आणि कढईवरचं झाकण उचलून बघतात.

वैष्णवी पहिल्या बाळंतपणासाठी किकवीहून माहेरी आली होती. महिन्याची लेक संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन रडायची. चौकशी रीतसर सुरू झाली. आधी कोबी गेला (वारं धरतो). त्यामागोमाग वांगं, दही, केळं. शेजारच्या ठकुबाईंनी ज्वारी बंद केली, कारण ती किकवीकडची, पचायला जड. किकवीहून सासूबाईंनी फोनवरून नाचणी बंद केली, कारण ती हिर्डोशीची, फार थंड. दोन्ही गावांचा अभ्यास सखोल होता: आपल्या रानात जे होत नाही, ते बाळाला बाधतं. पावटा तर चर्चेविनाच तडीपार झाला.

भोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळं खा; एखादी गोष्ट खरंच बाधताना दिसली तर तेवढी सोड. पण ते एकटीचं मत पडलं. लोकशाहीत ते टिकण्यासारखं नव्हतं.

दोन्ही गावांत पिकतो म्हणून भात तेवढा बंदीतून सुटला. तोही अळणी, कारण मिठाबद्दल तपास चालू होता. वैष्णवीची आई फुलाबाई घरच्यांसाठी पावट्याची आमटी करायच्या आणि तिचा वास वैष्णवीच्या खाटेपर्यंत यायचा. भुकेनं तिला रडू फुटायचं. मग मायलेकी दोघी एकदमच रडायच्या. बाळंतिणीच्या रडण्याचं कारण शोधायची पद्धत नसल्यानं त्याची दखल घेतली गेली नाही.

बाळ बघायला रिकाम्या हातानं जाऊ नये, ही रीत गाव फार मनापासून पाळतं. येणारी प्रत्येक बाई बोटावर काहीतरी घेऊन यायची: मध, गुळाचं पाणी, उगाळलेली गुटी, ओव्याचा काढा. बोट बाळाच्या तोंडात जायचं. याला खाणं म्हणत नाहीत, माया म्हणतात (आणि मायेनं पोट बिघडल्याचं अजून कुठं सिद्ध झालेलं नाही).

एके दिवशी दुपारपासून लेकीला पातळ शी होऊ लागली. अंगावर प्यायचाही ती कंटाळा करू लागली. सभा भरली. ठकुबाईंनी बराच विचार करून भातावर संशय घेतला आणि बोलता बोलता मधाचं बोट बाळाकडे नेलं. वैष्णवीनं त्यांचं मनगट धरलं.

"ठकुमावशी, म्हैनाभर तुमी समदी माझं ताट बघताय. तिच्या तोंडात कोण काय घालतंय, ते बघितलं का कुनी?"

दोघीतिघींनी बोटं पदराला पुसली.

सकाळच्या एसटीनं तिनं लेकीला भोरला नेलं. अंगावरच्या दुधाशिवाय थेंबभरही काही द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. परत येऊन वैष्णवीनं दाराला आतून कडी घातली, नाचणीची भाकरी घेतली आणि पावट्याची आमटी तपेलं पुसून खाल्ली. फुलाबाई देवाचं नाव घेत बघत राहिल्या. लेक हळूहळू सावरली. पोटभर प्यायची, ढेकर द्यायची आणि झोपायची. वैष्णवीला इतका आनंद कधी झाला नव्हता.

गावानं या घटनेचा निःपक्षपातीपणे विचार केला. मधाचा विषय निघाला नाही. आई पावटा खाते आणि बाळ झोपतं, हे मात्र सर्वांनी पाहिलं होतं. तेव्हा सध्या खालच्या आळीतल्या शेफालीला पावट्याशिवाय सगळं बंद आहे. तिला पावटा लहानपणापासून जात नाही. तिचं बाळ रडलं की पावटा कमी पडला असं समजतात.

आपण हसलात, बरं वाटलं. पण वाचताना मध्येच कुठंतरी "आमच्याकडे मात्र बाळंतिणीला अमुक देत नाहीत बरं का" हे वाक्य आपल्याही ओठांवर येऊन गेलं असेल, तर अवश्य या. शेफाली उपाशीच बसली आहे. आपलं मत तेवढं ऐकायचं राहिलंय.