मधुमतीबाईंचे ऊन

वृद्धांच्या सेवेची देशव्यापी व्यवस्था सुधारायची असेल तर आधी जनतेला विचारले पाहिजे, असा निर्णय झाला. जनतेपैकी श्यामकांत पेंडसे यांनी तो वर्तमानपत्रात वाचला आणि त्यांना हायसे वाटले. त्यांना एक गोष्ट तातडीने सांगायची होती.

पेंडसे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बदलीवर जयपूरला आले आणि वैशाली नगरातच राहिले. त्यांच्या पत्नी मधुमतीबाई यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून त्या वाचल्या, पण इतकी वर्षे भाजीवाल्याशी भांडून कमावलेली हिंदी पार पुसली गेली. उरली ती माहेरची मराठी. दुसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरात त्यांना सांभाळणे जमेना, म्हणून झोटवाड्यातल्या ‘शीतल विश्राम’ या वृद्धसेवा केंद्रात ठेवले. खाट खिडकीशी मिळाली. महिना मे होता.

दुपारी ऊन थेट तोंडावर येई. बाई कळवळून म्हणत, “ऊन! ऊन!”

हिंदीत ऊन म्हणजे लोकर. सुगना नावाची सेविका धावत जाई आणि शाल आणून पांघरे. बाई आणखी मोठ्याने ओरडत. सुगना कानटोपी घाले.

पेंडसे भेटायला गेले तेव्हा पत्नीचे फक्त नाक दिसत होते.

“अरे, ऊन मतलब धूप!” ते ओरडले. “परदा खींचो!”

“बाबूजी, मैं तो समझ गई,” सुगना म्हणाली. “पर नया नियम है. माताजी जो बोलेंगी, वही देना है. घरवाले मतलब नहीं निकालेंगे.”

नियम वाईट नव्हता. पूर्वी नातेवाईक म्हाताऱ्यांच्या नावाने वाटेल ते सांगत, म्हणून आता प्रत्यक्ष वृद्धाचाच शब्द प्रमाण मानायचे ठरले होते. पेंडशांनी स्वतः उठून पडदा ओढला. मधुमतीबाईंना बरे वाटले. “ऊन कमी झालं हो,” त्या समाधानाने म्हणाल्या. ऊन कमी पडत असल्याचे ऐकून सुगनाने रजाई आणली.

झालानातल्या सरकारी सभागृहात जनसहभाग परिषद भरली, तिला पेंडसे वेळेआधी पोचले. ‘वृद्ध’ गटातल्या सगळ्या जागा वृद्धत्वाच्या तज्ज्ञांनी भरल्या होत्या. ‘युवा’ गटात एक जागा शिल्लक होती, ती त्यांना मिळाली. गळ्यात ‘युवा’ अशी पट्टी घालून ते गुडघे चोळत बसले.

सकाळभर ‘वृद्धांचे ऐकून कसे घ्यावे’ या विषयावर व्याख्याने झाली. जेवणानंतर जनतेची पाळी आली. पेंडसे उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, “मेरी पत्नी बार-बार ऊन माँगती है, मगर...”

घंटा वाजली.

“साब, असली बात तो मगर के बाद है!”

“अगर-मगर अगले सत्र में,” परिषदेचे संयोजक माथुरजी प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी माइक काढून घेतला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. युवकांमध्ये वृद्धांबद्दल एवढी कळकळ पाहून काहींना गहिवरून आले.

पुढचे सत्र झालेच नाही. मात्र जनतेची मागणी वाया जाऊ दिली गेली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात जयपूरच्या सर्व वृद्धसेवा केंद्रांत लोकरीचे स्वेटर, मोजे आणि मफलर वाटण्यात आले. ‘शीतल विश्राम’मध्ये म्हाताऱ्यांना ओळीने बसवून फोटो काढले. दोघांना भोवळ आली. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव कृतज्ञतेचे म्हणून छापले गेले.

पेंडसे तणतणत माथुरजींकडे गेले. “ये क्या कर दिया आपने?”

“हमने कहाँ, पेंडसेजी? आपने किया!” माथुरजींनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “पूरी परिषद में एक ही ठोस सुझाव आया, और वो आपका था. आप जैसे लोग समिति में चाहिए.”

पेंडसे रागावून गेले होते ते राष्ट्रीय जनसहभाग समितीचे सदस्य होऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी कोटावर बिल्ला लावून ते केंद्रात शिरले. एरवी त्यांना बाकावर बसवून ठेवणारा व्यवस्थापक फाटकापर्यंत सामोरा आला. “सर, कोई आज्ञा?” पेंडशांनी नुसती मान हलवून पलीकडची भिंत दाखवली. चहा येईपर्यंत मधुमतीबाईंची खाट सावलीत गेली होती, रजाई कपाटात गेली होती. बाईंनी महिन्याभराने दहीभात मागितला. पेंडशांचे डोळे भरून आले. व्यवस्था सुधारते, फक्त तिच्याशी सहकार्य केले पाहिजे, असे त्यांना पहिल्यांदाच वाटले.

खिडकीजवळच्या रिकाम्या जागी एक बंगाली आजी आल्या. दुपार झाली की त्या हात डोळ्यांवर धरून “रोद! रोद!” म्हणत. बंगालीत रोद म्हणजे ऊन. आजींना रोडवर जायचे आहे, असा अर्थ सुगनाने लावला. नियमाप्रमाणे तिने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून फाटकाशी, रस्ता नीट दिसेल अशा भर उन्हात नेऊन ठेवले. परत खाटेवर आणले तेव्हा आजी लालबुंद झाल्या होत्या आणि पुटपुटत होत्या, “रोद.”

“बाबूजी, आप तो मेंबर हैं,” सुगना म्हणाली. “कुछ कीजिए ना.”

“भाषा का मामला है,” पेंडसे गंभीर झाले. “राष्ट्रीय स्तर पर उठाना पड़ेगा.”

भिंतीकडच्या खाटेवरून मधुमतीबाई हे पाहत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “तिला ऊन लागतंय. पडदा ओढा ना तेवढा.”

“असं आपण परस्पर अर्थ लावून चालत नाही, मधू,” पेंडशांनी समजावले आणि बिल्ला सरळ केला. पडदा त्यांच्या उजव्या हाताला होता.

पेंडशांचे हे वागणे योग्य की अयोग्य, याविषयी वाचकांचे मत तयार झालेच असेल. ते अवश्य नोंदवावे. बसल्या जागेवरून नोंदवता येते, उठावे लागत नाही.