पाहुण्यांना सगळी मुभा

पाच वाजता विहाराचं उद्घाटन होतं आणि चार वाजून दहा मिनिटांनी पौर्णिमाला स्वतःच बांधलेल्या विहारात एक वीट ठेवता येईना. ठेवायला गेली की पडद्यावर उमटायचं, 'तुम्हाला परवानगी नाही.'

विहार मोबाइलवरच्या खेळातला. तलवाड्याचा जुना विहार पाडून नवा बांधला, तेव्हा पौर्णिमाने चार जुन्या फोटोंवरून तीन महिने खपून तो खेळात उभा केला. आज पुण्या-नागपूरचे नातेवाईक तो बघायला खेळात येणार होते आणि मागची भिंत अजून अर्धी होती. सर्व्हर तिच्या भावाचा, सौरभचा. सौरभ बीडला संगणक दुरुस्त करतो, त्यामुळे घरातला संगणक कधीच धड नसतो.

"काल काय बदललं तू?" पौर्णिमाने विचारलं.

"एका पाव्हण्यानं भिंत फोडली. म्हणून पाव्हण्यांनी विटेला हात लावायचा न्हाई, अशी मनाई टाकली."

"मग मला कावून?"

सौरभने खुर्ची पुढे ओढली, मागे ढकलली, उठून पंखा वाढवला. सर्व्हरवर तीन गट होते. पाहुण्यांनी फिरायचं, पौर्णिमासारख्या कारागिरांनी बांधायचं, कारभाऱ्याने सगळं करायचं. कारागिरांना पाहुण्यांचे नियम लागू, कारभाऱ्याला कारागिरांचे. त्यामुळे पाहुण्यांची मनाई चढत चढत थेट कारभाऱ्यापर्यंत, म्हणजे सौरभपर्यंत आली होती.

साडेचार झाले. नियमांच्या दोनशे ओळींत मनाईची ओळ काही सापडेना. वडील, निवृत्ती, मागून पडदा वाचत होते. शाळेत तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला रकाने दिसले की राहवत नाही.

"कारभारी पाव्हण्याकडून घेतो? आपल्या घरात पाव्हण्याकडून कधी घेतलंय का? त्याला देत असतात. उलटं कर."

"पप्पा, हे तसं नसतं."

"करून तर बघ."

वैतागून सौरभने क्रम उलटा केला. पौर्णिमाने वीट ठेवली आणि ती राहिली. निवृत्तींनी मिशीवरून हात फिरवला.

पाचला दोन मिनिटं असताना भिंत पुरी झाली. पाचला पाहुणे आले. उलट्या क्रमामुळे विटा सोडून त्यांना आता कारभाऱ्याची सगळी मुभा होती. नागपूरच्या काकांनी आत घोडा आणला. पुण्याच्या मावसभावाने दारात सतरा दिवे लावले. विहारामागच्या मोकळ्या जागेत कोणीतरी पीक पेरलं.

"थांबा! कोणी कशाला हात लावू नका!" सौरभ माइकवर ओरडला.

दुसऱ्या क्षणी त्याचा पडदा काळा झाला. त्याला सर्व्हरवरून काढून टाकलं होतं.

त्याने निवृत्तींचा मोबाइल हिसकावला आणि नवा पाहुणा म्हणून आत शिरला. पाहुण्याला सगळं करता येत होतं, म्हणून त्याने घाईघाईने क्रम पुन्हा सरळ केला. मग आपलं नाव परत टाकायला गेला, तर पडद्यावर आलं, 'तुम्हाला परवानगी नाही.' आता तो खराच पाहुणा झाला होता. कारभाऱ्यांच्या यादीत एकच नाव उरलं होतं, दगडाबाई, म्हणजे त्याची आत्या.

त्याने तलवाड्याला आत्याला फोन लावला.

"आत्या, तू यादीत कशी?"

"घरात थोरली मीच हाय. म्हणून नाव वर टाकलं. वरडणाऱ्याचं काढलं."

"तो मीच व्हतो."

"मग विहारात वरडायचं न्हाई, बाबा."

पौर्णिमाने फोन ओढून घेतला. ती रडायच्या बेतात होती. "आत्या, मागचं पीक तू पेरलं? काढ ना ते. माझ्या एकाबी फोटोत न्हाई."

"फोटो म्होरून काढलेत, पोरी. मागं जोंधळा असायचा. त्याच्यातनं वाट काढत आमी वंदनेला यायचो, लुगड्याला कुसळं लागायची. ह्या खेळात जोंधळा घावला न्हाई. म्हणून गहू पेरला."

पौर्णिमा खेळात विहारामागे गेली आणि गव्हातून चालत विहाराकडे आली. तिच्या मागे एकेक नातेवाईक त्याच वाटेला लागला, घोड्यासकट नागपूरचे काकाही.

सौरभला फक्त फिरायची परवानगी होती. तोही मागोमाग निघाला.