तेरा ओळी उगवतीकडून

श्री मन्मथस्वामी समर्थ. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, आषाढाच्या वद्य पक्षात मौजे चौसाळा येथे जे रण माजले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे तिखटमीठ न लाविता लेहून ठेवणे जरूर जाहले. कारण की बाजारात लोक नाना तऱ्हेने बोलतात, आणि कोणी म्हणतात राजेश्वररावांस वेड लागले, आणि कोणी म्हणतात टीव्हीस भूत लागले. ज्यास खरे हवे त्याने हे वाचावे, न पटेल त्याने आपले दुकान सांभाळावे.

तपशील ऐसा जे, थोरले सरकार रुद्रप्पा कापडवाले यांस दोन अपत्ये. वडील राजेश्री राजेश्वरराव, उमर सव्वीस, कापड मापण्यात हुशार आणि मापाहून बोलण्यात जास्ती. आणि धाकटी सौभाग्यवती कावेरीबाई, घाटनांदुरी दिली. लग्नाआधी, परदेशी मालाची दारे खुली होवोन बीडच्या बाजारात नवल नवल चिजा उतरू लागल्या, तेव्हा थोरल्या सरकारांनी व्हिडिओ गेमाचा डबा खरीद केला होता. त्यात रणगाड्यांचा एक खेळ. पडद्याच्या तळाशी मधोमध एक पक्षी बसलेला, त्याच्या रक्षणास एकामागोन एक आपले तीन गाडे, वरून वीस शत्रू चालून येत, आणि पक्षी फुटला की राज्य बुडाले. हा खेळ भाऊबहीण दोन वर्षे खेळले, जो जास्ती शत्रू पाडी तो जिंके, आणि दोन्ही वर्षे कावेरीबाई जिंकत गेल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीस कावेरीबाई जावईबापू केदारनाथरावांसह माहेरी आल्या. पंगत बसली, आणि जावईबापूंनी सहज पुसले की, या खेळात तरबेज कोण. तेव्हा राजेश्वररावांनी तोंडात पुरणाच्या दिंडाचा घास असता बोलून टाकले, "मी सोडून द्यायचो, म्हणून ही जिंकायची." पंगत हसली. कावेरीबाई हसल्या नाहीत, आणि त्याच सांजेच्या एसटीने माघारी गेल्या, आणि पुढल्या दोन पंचम्या त्यांचे पाऊल चौसाळ्यास लागले नाही. वास्तविक राजेश्वरराव सारी ताकद लावोन, दात-ओठ खावोन हरत असत. हे त्यांस पक्के ठाऊक होते, परंतु बोललेला शब्द माघारी घेणे त्या घराण्यात कोणास येत नाही.

मग यंदा आषाढ वद्य सप्तमीस घाटनांदुराहून निळे आंतरदेशीय पत्र दाखल जाहले. त्यातील मजकूर हुकुमासारखाच होता तो ऐसा:

"दादास नमस्कार. आमच्या हितंबी तसलाच डबा आलाय. डब्यात आपला नकाशा आपण मांडायची सोय हाय, ती तुला ठावं हाय. खाली लिवल्यापरमानं मांड. तीन गाड्यांत जिंकलास तर तू सोडत होतास असं मी समद्यांफुडं मानीन आन गुमान पंचमीला येईन. न्हाई जमलं तर कावेरी आपल्या बळावर जिंकत होती असं लिहून दे, खाली आप्पांची सही घे, तरीबी येईन. दोन्हीतलं कायबी न करशील तर पंचमीला माझी वाट बघू नको."

आणि खाली तेरा ओळी, दर ओळीस तेरा घरे. "वरून सातवी: उगवतीकडनं दोन विटा, तीन रिकामं, एक लोखंड, चार पाणी, तीन झाडी." ऐशी एकशे एकोणसत्तर घरांची मोजदाद. भाऊबहीण खेळतानाही "मावळतीकडनं आला, उगवतीला बघ" ऐसेच ओरडत असत, म्हणोन या लिहिण्यात कोणास काही वावगे दिसले नाही.

राजेश्वररावांनी लेखी कबुलीचे कलम तत्क्षणी फेटाळिले, आणि दुकान थोरल्या सरकारांवर सोपवोन, माजघरात टीव्हीसमोर मांडी ठोकोन, नकाशा उभारण्यास आरंभ केला. परंतु त्या डब्यास स्मरणशक्ती म्हणोन नाही. लाईट गेली की मांडलेला नकाशा साफ. आणि चौसाळ्याची लाईट ती, तिला ना वेळ ना काळ. अकराव्या ओळीस पोहोचले की ती जाई, आणि राजेश्वरराव अंधारल्या पडद्याकडे पाहात बसत, आणि आली की पहिल्या ओळीपासोन. ऐशी तीन वेळ शिकस्त खावोन चौथ्यांदा तेराही ओळी उभ्या केल्या आणि लढाईचे बटण दाबिले.

तो काय पाहतात, आपला गाडा पक्ष्याच्या डाव्या अंगास जन्मला तो चहूंकडोन लोखंडाच्या पेटीत! ना पुढे ना मागे. गोळे मारावे तर लोखंड हलेना. शत्रू डुलत डुलत खाली आले आणि पक्षी फोडोन गेले. मग पुन्हा खेळले, पुन्हा तेच. तीन दिवस हेच चालले, आणि राजेश्वररावांच्या तोंडची चव गेली. फोन लावोन विचारावे तर शत्रूच्या गोटात जावोन वाट विचारल्यासारखे होते. सबब ते पडवीत बसोन आपणाशीच बोलू लागले, "कावून केलं असं हिनं? भावाला असं जित्ताच कोंडतेत व्हय?" रागापेक्षा त्यांस दुःख अधिक जाहले. बहीण आपणांस इतकी पाण्यात पाहते, हे त्यांस ठाऊक नव्हते.

तेव्हा राजेश्वररावांच्या कुटुंब सौभाग्यवती शिवकांताबाई, ज्यांनी तो रिमोट जन्मात हाती धरला नव्हता, त्या तांदूळ निवडता निवडता पत्र वाचोन म्हणाल्या, "आवं, मी हळदीकुंकवाला गेलते तवा वन्संच्या घरी उगवतीला तोंड करून जेवाया बसले, तर टीव्ही डाव्या हाताला व्हता. म्हंजी उत्तरंच्या भितीला. आपला तर दक्षिणंला हाय."

हे ऐकताच राजेश्वरराव उठोन उभे राहिले, उत्तरेकडे तोंड केले, मग दक्षिणेकडे केले, मग पुन्हा उत्तरेकडे. कावेरीबाई टीव्हीसमोर बसत तेव्हा उगवती उजव्या हातास, आणि चौसाळ्यात तीच उगवती डाव्या हातास. म्हणोन सारा मुलूख उलटा उभा राहिला होता. त्यांची वाट पक्ष्याच्या उजवीकडे गेली होती आणि उजवीकडली पेटी त्यांच्या नशिबी आली होती.

तत्काळ हुकूम सुटला की, टीव्ही उत्तरेच्या भिंतीस नेणे. येथे वाचणारा म्हणेल, घरे उलटीकडोन मोजली असती तर टीव्ही हलवावा कशास? ही अक्कल त्या दिवशी त्या घरात कोणास सुचली नाही, आणि बखरनवीस तेथे चहा पीत हजर होता, त्यासही सुचली नाही. दुकानचा हमाल म्हाळू यास पाचारण जाहले. तो टीव्ही म्हणजे लाकडी दारांचे कपाटच, आणि उत्तरेच्या भिंतीस थोरल्या सरकारांची बाज. थोरले सरकार बाजेवरोन उठेनात. म्हणाले, "टीव्ही हाय का बैल, गोठा बदलाया?" तेव्हा राजेश्वररावांनी अर्ज केला की, कावेरी पंचमीला यावी ऐसे वाटत असेल तर इतके करावे लागते.  तेव्हा थोरले सरकार उठले, धोतर खोचले, आणि टीव्हीचा एक कोपरा आपणच धरिला.

मग नकाशा उभारिला तो नेमका उभा राहिला आणि राजेश्वररावांस वाट मिळाली. परंतु वाट मिळणे निराळे आणि जिंकणे निराळे. कावेरीबाईंनी ऐसा बंदोबस्त केला होता की, झाडीत शिरावे तो मागोन शत्रू, पाण्याकाठी थांबावे तो पक्षी उघडा. लाईटीपायी अकरा वेळ नकाशा पुन्हा मांडला, आणि चाळीस वेळ हरले. दर पराभवागणिक त्यांस बहिणीची हुशारी दिसो लागली. रागाचा पारा उतरत गेला, आणि "लई डोक्याची हाय" ऐसे ते जेवताना बोलोन गेले, ते शिवकांताबाईंनी ऐकिले आणि न ऐकिल्यासारखे केले. अखेर श्रावण शुद्ध तृतीयेस दोन प्रहरी, एकेचाळिसाव्या खेपेस, तिसरा गाडा उरला असता विसावा शत्रू पडला आणि पक्षी शाबूत राहिला. थोरल्या सरकारांनी समक्ष पाहोन, राजेश्वर तीन गाड्यांत जिंकला ऐशा कागदावर सही ठोकिली.

चतुर्थीस राजेश्वरराव अंबाजोगाईस गाडी बदलोन घाटनांदुरी दाखल जाहले आणि कावेरीबाईंच्या सासू रुद्राणीबाई व केदारनाथरावांदेखत कागद बहिणीच्या हाती दिला. कावेरीबाईंनी वाचिला. वाद घातला नाही, तकरार केली नाही. म्हणाल्या, "खरंय. दादा सोडतच व्हता. मीच उगं ताठले." आणि आत जावोन पिशवी भरो लागल्या. त्यांचे खाली घातलेले तोंड राजेश्वररावांनी पाहिले, आणि पुढे आलेला चहा त्यांनी तसाच बाजूस सारिला. याच घडीसाठी तीन वर्षे वाट पाहिली होती, आणि घडी आली तो ती नकोशी जाहली.

मग त्यांनी कागद माघारी मागोन घेतला, आणि केदारनाथरावांच्या खिशातील पेन घेवोन, त्याच कागदाच्या पाठीवर दस्तुरखुद्द लिहिले, आणि सासूबाईंस ऐकू जाईल ऐशा आवाजात वाचोन दाखविले, "कावेरी आपल्या बळावर जिंकत होती. मी एकदाबी सोडलं न्हाई. मी खोटं बोललतो." खाली सही केली.

कावेरीबाई पिशवी घेवोन उंबऱ्यात उभ्या होत्या.  मग हळूच म्हणाल्या, "दादा, त्यो नकाशा मलाच अजून एकदाबी जमला न्हाई." राजेश्वररावांनी पुसले, "किती येळा हरलीस?" त्या म्हणाल्या, "मोजायचं सोडून दिलं." आणि पदर तोंडास लावोन हसो लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसो लागल्या, आणि राजेश्वररावांनी पिशवी त्यांच्या हातची घेतली.

येणेप्रमाणे पेटीतल्या लढाया वगळोन अकरा फेरउभारण्या, एकेचाळीस लढाया, एक टीव्ही व एक बाज यांचे स्थलांतर, इतका खर्च होवोन मोहीम तडीस गेली. शिक्केमोर्तब करून लेहून ठेविले की, मिती श्रावण शुद्ध पंचमी, कावेरीबाई माहेरी जेवल्या.