नरसिंहाआधी गुरगुरलेल्या पेटीची हकीकत

श्री. ज्याच्या नामें टाळ वाजतो आणि ज्याच्या नामें तो थांबतोही, त्या लक्ष्मीनृसिंहास दंडवत घालून लिहिणें ऐसें जे, शके १९४१ विकारी नाम संवत्सरीं, वैशाख शुद्ध पक्षीं राज्यांत गनीम शिरला, आणि तो कोठून शिरला हें कोणास कळेना.

राज्य म्हणजे श्रींचें संस्थान. गादीवर कीर्तनकार भालचंद्रबुवा, वाणी ऐसी कीं दगडास पाझर फुटावा. त्यांणीं जयंतीस प्रल्हादाख्यान योजिलें आणि खांब फुटे ते समयीं सिंहाची डरकाळी पाहिजे, ती मृदंगें साधेना, शंखें साधेना. तेव्हां निरंजनपंत पुढें जाले. पंतांस कीर्तनाचें वेड, परंतु वाजवीत गिटार, म्हणोन झांजवाले त्यांस आंत बसूं देत ना. तीन वर्षें चपलांपाशीं बसून ऐकिलें. त्यांणीं स्वहस्तें एक फझ पेटी केली. पायानें दाबावी आणि गिटारीचा गोड सूर फाटून डरकाळी व्हावी, ऐसी तिची करणी. बुवा पंतांचे घरीं जाऊन ऐकते जाले, अंगीं कांटा आला, म्हणाले, "पंत, हें साधलं तर गादीच्या उजव्या हाताला तुमची जागा, कायमची." पंतांस त्या दिवशीं जेवण गेलें नाहीं.

मग द्वादशीस देवळांत तालीम जाली. पेटी दाबतां खट्ट ऐसा मोठा आवाज होई, म्हणोन ती नामाचे गजरांतच दाबून ठेविली. मग गजर थांबला, आणि बुवांनीं आवाज उतरवून पुसलें, "सांग, या खांबांत आहे तुझा देव?" आणि सभा श्वास रोधून बसली, तों पेटी आपली घर्र… घर्र… बुवा खो खो हंसले. "अहो पंत, नरसिंह आधींच गुरगुरला तर हिरण्यकशिपू खांबाला लाथ मारील कशाला? पळून जाईल कीं!" झांजवाले तर लोळलेच. परंतु हंसें ओसरल्यावर बुवा हळूच म्हणाले, "उद्यांपर्यंत गप्प करा. नाहींतर शंखावर भागवूं."

मग ध्वनिक्षेपकाचे सरदार दस्तगीरभाई मोहिमेस पाचारिले. त्यांणीं नवी बॅटरी घातली, वायर बदलिली, जोडांस फिरून डाग दिले, सारी करणी मुरांब्याचे पत्र्याचे डब्यांत कोंडिली, पंखे बंद केले, ट्यूबा बंद केल्या, तरी गुरगुरीचा गनीम हटेना. घरीं नेली तों चिडीचूप. देवळीं आणिली तों घर्र. दस्तगीर कपाळास हात लावून म्हणाले, "सून सासरीं मुकी नि माहेरीं बोलकी. हिचं माहेर देऊळच कीं काय, पंत?"

इतक्यांत पंतांचे हातची नखी पडली, ती उचलावयास गिटारीसुद्धां वळले, पाठ देवाकडे जाली, आणि पेटी गप्प. फिरून समोर जाले, घर्र. आबा गुरव ओरडले, "पाहिलंत? देवाकडे तोंड केलं कीं गुरगुरते. देवालाच नको आहे!" देवाकडे पाठ करून पंत वाजवणार तरी कैसें? आणि देवासच नको असेल तर वाजवावें कशास? पंतांचे डोळे भरले आणि त्या पाण्यांतून ते श्रींकडे नुसते पाहत राहिले. श्रींचे मस्तकामागें विजेची प्रभावळ, भक्तांनीं नवसाची वाहिलेली, तींत लाल उजेड गरगर फिरे. उजेड फिरे, पेटी घर्र. उजेड फिरे, पेटी घर्र.

"आबा," पंत चांचरत म्हणाले, "ही प्रभावळ जरा…"

"जीभ झडेल, पंत! बसवल्यापासून एकदा विझली नाहीं. काय हो दस्तगीर, सगळं बंद केलंत, हिला हात लावलात?"

"देवाच्या डोक्यामागचा उजेड मी कसा बंद करूं, आबा?"

मोठा पेंच पडला. बुवांस निरोप गेला, बुवा आले, देवास हात जोडिले, मग म्हणाले, "आबा, रंगलेलं कीर्तन डोळे उघडे ठेवून कोणी ऐकतं का? खांबाचा प्रसंग सरेतों देवांना डोळे मिटूं द्या. समई आहेच." आबांनीं गालांत मारून घेतलें, पुटपुटले, आणि बटण दाबलें. पेटी गप्प जाली.

चतुर्दशीस दिवेलागणीं समईपुरता उजेड, दोन हजार माणूस, आणि "आहे तुझा देव?" यापाठीं ऐसी शांतता कीं वात तडतडली तीही ऐकूं आली. मग पंतांनीं तार छेडिली, खांब फुटला, आणि त्याच क्षणीं आबांनीं, कोणीं न सांगतां, प्रभावळ लाविली. तिची घर्र डरकाळींत मिळाली आणि डरकाळी दुप्पट जाली. बायाबापड्यांनीं पोरें पोटाशीं धरिलीं. बुवा पुढचें पद विसरले. मग पंतांचा हात धरून त्यांस गादीचे उजवे बाजूस बसविलें.

सारांश, दस्तगीर म्हणतात वायरीचा गुण, आबा म्हणतात देव जागे जाले, पंतांस विचारावें तर ते नुसते हंसतात. खरें काय तें लिहिणारास उमगलें नाहीं; डरकाळी मात्र ऐकिली. लेखनसीमा.