मेंढी खाते, मेंढी खात नाही

"पुढच्या वर्षी नक्की येतो," असं विल्फ टॅलेंटायर आपल्या बायकोला तीस वर्षं सांगत आला होता. दर मे महिन्यात मेरियन उत्तर इंग्लंडमधल्या टीज नदीच्या काठाने चालत डोंगरावर जायची आणि जेन्शनचं निळं रानफूल बघून यायची. विल्फ मेंढरांच्या मागे असायचा. फूल ते, पळून थोडंच जाणार होतं! गेली ती मेरियनच, मागच्या हिवाळ्यात. म्हणून या मे महिन्यात तिची वही खिशात घालून विल्फ एकटाच निघाला. ते फूल एकदा तरी डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

वहीत लिहिलं होतं, 'पांढऱ्या घरापाशी नदी सोडून वर चढायचं.' आता या खोऱ्यातली झाडून सगळी घरं पांढरी. जमीनदाराचा तसा दंडकच आहे. पण मेरियन पडली शहरातली, तिला ती खूण वाटली असणार. तिसऱ्या पांढऱ्या घरापाशी विल्फ वही उलटसुलट करत उभा होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सापडलात बाई एकदाचे!" लाल टोपी घातलेली एक बाई धापा टाकत होती. तिच्यामागे तेरा माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात भिंग. "मी हेस्टर. आम्हाला रानफुलं नि जेन्शन दाखवणारे वाटाडे तुम्हीच ना? मेल्या बसनं भलत्याच पुलावर उतरवलं हो."

विल्फने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण गेले दहा दिवस तो कुत्र्याशीच काय ते बोलला होता. तोंडातून निघालं, "चला."

पन्नास पावलांवर पहिला प्रश्न आला. "हे गुलाबी कुठलं?"

विल्फला फुलांचं एकच शास्त्र येत होतं. "हे मेंढी खाते."

चौदा पेन्सिली सरसावल्या.

"आणि हे पिवळं?"

"मेंढी खात नाही. खाल्लं की हगवण."

"अहो, पण नाव काय त्याचं?"

"मेंढीनं कधी विचारलं नाही, बाई."

हशा पिकला. "मागच्या वर्षीच्या त्या लॅटिन नावं घोकणाऱ्या वाटाड्यापेक्षा हा बरा," मागून कुणी म्हातारा म्हणाला. झालं, विल्फच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अंदाजपंचे चौथ्या पांढऱ्या घरापाशी त्याने सगळ्यांना वर वळवलं. चिखलात एकाचा बूट गेला, तरी कुणी कुरकुर केली नाही. चढणीवर तर त्याने एका दगडाबद्दलही मत देऊन टाकलं.

माथ्यावर पोचले आणि ढग आले. जेन्शनचा पत्ता नाही. विल्फ गवतात रांगून रांगून निळं काही दिसतंय का बघत होता.

"ऊन नसलं की ते मिटून बसतं," हेस्टर म्हणाली. "मिटलं की शेजारी बसूनही दिसायचं नाही."

हे ऐकून विल्फचा धीर सुटला. "बाई, मी वाटाड्या नाही हो. मेंढरं राखणारा माणूस मी. बायको गेली, तिचं फूल बघायला आलो."

"वाटाडे नाही, ते आम्हाला तुमच्या दुसऱ्या 'मेंढी'लाच कळलं!" हेस्टर हसली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके खुशीत होता की!"

अर्धा तास सगळे थांबले. ढग काही हलेना, आणि खाली तीनची बस. "चला की आमच्याबरोबर, चहा तरी घ्या," हेस्टर म्हणाली. विल्फला जायचं होतं. पण फजितीने कान अजून तापलेले. "व्हा तुम्ही पुढं," तो म्हणाला.

ते उतरून नदीपाशी पोचले असतील, आणि लख्ख ऊन पडलं. विल्फच्या पायांभोवती, मगाशी सगळे बसले होते त्याच गवतात, एकेक कळी उलगडायला लागली. असलं निळं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारी बघतो तर "बघ, बघ" म्हणायला कुणी नाही. मेरियन तीस वर्षं अशीच एकटी इथे बसली असेल, हे त्याला आता कळलं, आणि फार वाईट वाटलं.

तो ताडकन उठला. "अहो बाई! उमललीत! या वर!" टोपी काढून, दोन्ही हात हलवत तो ओरडत सुटला.

खाली लाल ठिपका थांबला, वळला. मग चौदाही जणांनी मोठ्या प्रेमाने त्याला हात हलवून निरोप दिला आणि ते बसच्या वाटेला लागले.