वेड कॉस्ट्युकची अदलाबदल

हॉकी कळणारी माणसं बर्चडेलमध्ये दोनच, असं लॉयड फ्रीझनचं ठाम मत होतं. एक तो स्वतः. दुसरा कोण, ते त्याने चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं!

रिंकवरच्या, म्हणजे हॉकीच्या बर्फाळ मैदानावरच्या, कॉफीच्या टेबलाशी तो वादात कधी हरला नव्हता, कारण तो बोलायचा थांबतच नसे. समोरच्याची कॉफी गार व्हायची, समोरचा घरी जायचा, लॉयड जिंकायचा. बायको आर्डिथ मात्र म्हणायची, "चाळीस वर्षं बडबडतोयस. त्यातून कुणाचं काही भलं झालेलं एकदा तरी दाखव!" हे लॉयडला आत कुठेतरी लागायचं. पण आज, जानेवारीच्या या शनिवारी, तो दाखवणार होता.

प्रकरण मोठं होतं. नदीपलीकडच्या सेंट-अँसेल्म गावाने निरोप धाडला होता: तुमचा फॉरवर्ड वेड कॉस्ट्युक आम्हाला द्या, आमचा फॉरवर्ड रेआल दुफो तुम्ही घ्या. त्यांच्या क्लबाने मंजुरी दिली होती. आता बर्चडेलने ठरवायचं, घरटी एक मत. हो की नाही ते आजच, कारण संध्याकाळी पाचला अदलाबदलीची मुदत संपत होती.

रिंकच्या सभागृहातल्या सभेला बेचाळीस घरं हजर होती. अध्यक्ष मर्टल पॅकार्ड शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या अजून शाळेचीच घंटा वाजवायच्या.

"वेड कुठे जाणार नाही!" नेस्टर ह्रिंकिव टेबलावर हात आपटून म्हणाला. नेस्टर लॉयडचा जिवलग मित्र, म्हणजे रोजचा विरोधक. "वेडसारखा पास देणारा अख्ख्या मॅनिटोबात नाही!"

"पास देतो, कारण स्वतःला पळवत नाही!" लॉयड उठला. "चौतिशी झाली त्याची. गुडघे माझ्या गॅरेजच्या दारासारखे करकरतात. गोलकीपरला डोळ्यांनी बघायची गरजच नाही, आवाजावरून कळतं! आणि रेआल? चोवीस वर्षांचा. मागच्या सामन्यात आपल्याला चार गोल मारले. मी म्हणतो, जो आपल्याला रडवतो त्याला आपल्याकडेच आणा ना!"

तो पंचवीस मिनिटं बोलला. शेवटी बावीस विरुद्ध वीस मतांनी अदलाबदल मंजूर झाली. लोक पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खायला वळले आणि लॉयड शीळ घालत घरी निघाला. बाहेर उणे सदतीस होतं, पण आज त्याला कोट नसता तरी चाललं असतं.

घरात शिरला आणि कोट काढता काढता थांबला. घरातही कोट लागत होता.

आर्डिथ स्वयंपाकघरात पार्का, टोपी आणि हातमोजे घालून बटाटे सोलत होती. "भट्टी बंद पडलीय," ती म्हणाली. "अकरापासून. वेडला फोन कर."

लॉयडने काढत आलेला कोट परत चढवला. कारण वेड कॉस्ट्युक शनिवारी रात्री फॉरवर्ड असायचा. बाकीचे सहा दिवस तो घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. साठ मैलांत तसा तो एकटाच!

त्याने फोन लावला. "वेड, अरे भट्टी..."

"लॉयड? मी सामान भरतोय," वेडचा आवाज बाहेरच्या हवेइतकाच गार होता. "लीगचा नियम तुम्हाला माहीतच असेल. खेळाडू त्याच गावचा रहिवासी हवा. पाचच्या आत नदीपलीकडे राहायला गेलो नाही, तर मोसमभर घरी बसायचं. घरंच बदलतोय आम्ही. रेआल माझ्या घरात, मी त्याच्या."

वेडचं घर लॉयडच्या शेजारचंच होतं. लॉयडने खिडकीतून बघितलं. व्हॅनच्या टपावर गादी चढत होती.

"मग भट्टी?"

"हत्यारं सगळ्यात खाली गेलीत. सोमवारी बघू. आणि हो, गॅरेजच्या दाराला तेल घाला."

म्हणजे गावभर पोचलं होतं तर! लॉयडने फोन ठेवला. सोमवारपर्यंत पाणी गोठून नळ फुटले असते, आणि त्याआधी आर्डिथ.

"कधी येतोय?" तिने विचारलं.

"येतोय, येतोय. थोडं... कागदोपत्री आहे," असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला. भट्टीवाल्याला आपणच गावाबाहेर काढलं, हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

रिंकवर सगळे अजून खातच होते. लॉयड धापा टाकत टेबलाशी उभा राहिला. "मित्रांनो, मी फेरविचार केलाय! वेड गेला नाही पाहिजे!"

सगळ्यांचे काटे जागीच थांबले.

"वेडसारखा पास देणारा अख्ख्या मॅनिटोबात नाही!" लॉयड म्हणाला.

"पास देतो, कारण स्वतःला पळवत नाही," नेस्टर शांतपणे म्हणाला.

"हे मी म्हणालो होतो!"

"माहीत आहे. पटलं मला. शेवटच्या क्षणी मत फिरवलं मी. माझे डोळे उघडलेस तू, लॉयड."

"मग मिट ना परत!"

"तुला बरं वाटतंय ना? नाक निळं पडलंय तुझं."

लॉयडचं डोकं गरगरायला लागलं. तो नेस्टरचे सकाळचे मुद्दे मांडत होता, नेस्टर त्याचे. ज्यांनी सकाळी विरोध केला ते आता लॉयडवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि ज्यांनी पाठिंबा दिला ते म्हणत होते, हा आपली परीक्षा बघतोय! एक आजी तर उठून म्हणाल्या, "लॉयड बरोबर आहे, म्हणून मी लॉयडच्या विरुद्ध आहे." टाळ्या पडल्या. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"गुडघ्यांचं काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"गुडघे अनुभवी आहेत!"

मर्टलबाईंनी घंटा वाजवली. "फेरमतदान हवं असेल तर कारण सांगा. हॉकीचं नको, ते सकाळी ऐकलं."

लॉयडने आजूबाजूला पाहिलं. पुढे बोलण्यासारखं हॉकीचं खरोखरच काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं! त्याच्या तोंडून फट्कन निघून गेलं, "अहो, पण मग गावातल्या भट्ट्या कोण दुरुस्त करणार?"

कोपऱ्यातल्या हीटरने नेमकी तेव्हाच घरघर केली. सगळ्यांनी वळून त्या हीटरकडे पाहिलं.

बेचाळीस घरांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! हॉकीचा विषय निघाला की बर्चडेलला घर, दार, थंडी काही आठवत नसे.

"रेआल काय काम करतो?" मर्टलबाईंनी विचारलं.

"पियानो सुरात लावतो," कुणीतरी हळूच म्हणालं.

"देवा!" नेस्टर म्हणाला. "गावात पियानो दोन, आणि भट्ट्या दोनशे!"

"मतदान!" मर्टलबाई ओरडल्या. "हात वर!"

"वर म्हणजे वेड जाणार की राहणार?"

"वर म्हणजे नको!"

"वेड नको?"

"जाणं नको!"

निम्म्यांनी एक हात वर केला, काहींनी दोन. नेस्टरने पेरोगीसकट केला. मर्टलबाईंनी मोजायचा नाद सोडून घंटा वाजवली आणि अदलाबदल रद्द झाली. त्यांनी तिथूनच सेंट-अँसेल्मला फोन केला, मग वेडला.

लॉयड घरी निघाला तेव्हा त्याचे पाय बर्फावर नव्हतेच. एका दिवसात दोनदा गावाचं मत फिरवलं होतं त्याने! आता आर्डिथला सगळं खरं सांगायचं, आणि तीसुद्धा म्हणेल...

त्याने दार उघडलं. आतून उबेचा लोट आला, आणि त्याबरोबर पियानोचा आवाज.

आर्डिथ पार्का काढून खुर्चीत बसली होती, हातात चहा. पियानोशी एक रुंद खांद्यांचा तरुण वाकून एकेक पट्टी दाबत होता. मुलीसाठी घेतलेला तो पियानो एकोणीस वर्षं बेसूर पडला होता.

"हा रेआल!" आर्डिथ उजळून म्हणाली. "शेजारचं घर बघायला आला होता. मी त्याला कोटाचं कारण सांगितलं. तर हा घराला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, भट्टीचा बाहेरचा पाइप बर्फाने बुजलाय! झाडू घेतला, साफ केला, झालं!"

लॉयड उभ्या उभ्या खचला. पाइप! हे तर बर्चडेलमधल्या कुठल्याही माणसाला आधी सुचायला हवं.

"एवढं काही नाही, मॅडम," रेआल लाजून म्हणाला. "श्वास कोंडला होता, एवढंच. आवाजावरून कळतं."

आर्डिथ उठून लॉयडजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्या भाषणामुळे हा इथे राहायला येतोय म्हणे. चाळीस वर्षं मी तुला बोलले, लॉयड. आज खरंच अभिमान वाटला रे. तुझ्या बडबडीतून किती चांगलं निघालं!"

हे वाक्य ऐकायला लॉयड चाळीस वर्षं थांबला होता. आता ते मिळालं, आणि नक्की कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"उद्या जेवायला बोलावलंय मी त्याला," ती म्हणाली. "आणि रोज येऊन शिकवणार आहे मला. हो की नाही रे?"

"हो, मॅडम. आता शेजारीच तर आहे."

घड्याळात सव्वाचार झाले होते; मुदत संपायला अजून पाऊण तास होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. वेड उभा होता. मागे व्हॅन धूर सोडत होती, टपावर गादी, गादीवर बर्फ.

"मर्टलबाईंचा फोन आला," वेड म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "तुम्ही माझ्यासाठी भांडलात म्हणे. सकाळचं मी विसरलो, लॉयड. भट्टी आधी बघतो, मग सामान उतरवतो. उतरवू ना?"

लॉयडने मागे पाहिलं. पियानो सुरात येत होता. आर्डिथ अजून त्याच्याकडेच अभिमानाने बघत होती.

त्याने काढलेली टोपी हळूच परत डोक्यावर घातली.

"वेड," तो म्हणाला, "जरा गाडी चालूच ठेव."